टर्बो गाडीचं ऑइल निवडताना नुसता ग्रेड बघू नका

डब्यावर ५डब्ल्यू-३० दिसलं की बहुतेकांची निवड तिथेच संपते. साध्या इंजिनात ते बऱ्याचदा खपून जातं. एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोचा दांडा मात्र पूर्ण जोरात मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो, आणि बहुतेक गाड्यांत तो ऑइलच्या थरावर तरंगत फिरतो. त्याच्या एका टोकाला पेट्रोल इंजिनात ९०० अंशांहून गरम एक्झॉस्ट येतो. तो थर फाटला की बेअरिंग गेलंच.

आधी ग्रेडमधले दोन आकडे बघू. डब्ल्यूच्या आधीचा आकडा गारठ्यातला: ५डब्ल्यूची थंड सुरुवातीची चाचणी उणे ३० अंशांना होते, ०डब्ल्यूची उणे ३५ ला. निफाडला द्राक्षबागा गारठल्या तरी आपण त्या चाचणीच्या जवळपासही जात नाही. नुसत्या ० साठी जास्त पैसे मोजू नका. दुसरा आकडा १०० अंशांवरचा दाटपणा सांगतो. ‘३०’ म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (दाटपणाचं माप), ‘४०’ म्हणजे १२.५ ते १६.३. पट्टा इतका रुंद आहे, की एक ‘३०’ दुसऱ्या ‘३०’पेक्षा तिसऱ्या हिश्श्याने जाड असू शकतं.

टर्बोसाठी खरा कामाचा आकडा डब्यावर सहसा छापलेलाच नसतो. तो एचटीएचएस: १५० अंशांना, ऑइल जोरात घासलं जात असताना उरणारा दाटपणा. तो कंपनीच्या टेक्निकल डेटा शीटमध्ये सापडतो. शीट नसेल, तर डब्यामागची बारीक अक्षरं वाचा. एसीईए (युरोपातल्या कारनिर्मात्यांच्या संघटनेचा दर्जा) सी२ असेल तर एचटीएचएस किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद, सी३ किंवा ए३/बी४ असेल तर किमान ३.५. दोन्ही डब्यांवर ५डब्ल्यू-३०च असू शकतं! फोक्सवॅगनचं ५०४ ००/५०७ ०० हे अप्रूव्हल, म्हणजे कारकंपनीची मान्यता, किमान ३.५ मागतं, ५०८ ०० मात्र मुद्दाम पातळ ०डब्ल्यू-२० साठी आहे. एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

म्हणून मॅन्युअलमधला ग्रेड आणि अप्रूव्हल कोड दोन्ही लिहून घ्या आणि दुकानात कोड आधी जुळवा. ‘शिफारस’ आणि ‘अप्रूव्हड’ यांत फरक आहे. पहिला शब्द ऑइल कंपनीचा स्वतःचा दावा असतो.

पेट्रोल टर्बो, त्यातही डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं) असेल, तर डब्यावर एपीआय एसपी हा अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा दर्जा बघाच. घाटात चौथ्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर ॲक्सिलरेटर दाबून गाडी ओढली की पेट्रोल-ऑइलचे थेंब ठिणगीआधीच पेटू शकतात. याला एलएसपीआय म्हणतात. यात पिस्टन फुटू शकतो. ऑइलमधलं कॅल्शियमचं डिटर्जंट या धोक्यात भर घालतं, म्हणून एसपीमध्ये एलएसपीआयची वेगळी चाचणी आहे. तरी गिअर खाली टाकणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. बीएस६ डिझेलला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. तिथे कमी राखेचं, सी२ किंवा सी३ मधलं जे मॅन्युअल सांगेल तेच. ए३/बी४ ची राख फिल्टरमध्ये साठते आणि रिजनरेशनने (साठलेली काजळी जाळून फिल्टर साफ करणं) ती जळत नाही.

‘टर्बोला जाड ऑइल लागतं’ हे गॅरेजमधलं वाक्य २०डब्ल्यू-५० च्या जमान्यातलं आहे. फार जाड ऑइल सकाळी टर्बोपर्यंत उशिरा पोचतं, थंडीत फिल्टरचा बायपास उघडून न गाळलेलं ऑइल पुढे जाऊ शकतं आणि व्हॉल्व्ह टायमिंगची यंत्रणाही सुस्तावते. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० आणि ५डब्ल्यू-४० दोन्ही दिलेले असतील, आणि गाडी भरून घाट चढत असेल किंवा तासन् तास हायवेवर पळत असेल, तर ४० घ्या. नागपूरचा उन्हाळा हे एकटं कारण पुरेसं नाही. इंजिन तापल्यावर कूलंट तापमान बऱ्यापैकी सांभाळून ठेवतो. फक्त ०डब्ल्यू-२० सांगितलं असेल तर मनाने वर जाऊ नका. पंप आणि बेअरिंगमधली फट त्या हिशेबाने ठरवलेली असते, आणि वॉरंटीचा वाद वेगळाच.

निवड बरोबर असूनही ऑइल पातळ होतं, कारण त्यात इंधन मिसळतं. रोज तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या आणि अर्धवट राहिलेलं डीपीएफ रिजनरेशन ही नेहमीची कारणं. डिपस्टिकवर पातळी वर चढली असेल आणि इंधनाचा वास येत असेल, तर ग्रेड बदलून काही होणार नाही. ऑइल लवकर बदला. अशा वापराला वर्षाची वाट न बघता सहा महिने बरे.

बदलताना इंजिन कोमट असू द्या, ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घाला, फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट फिरवा. मॅन्युअलमधल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी ओता, इंजिन मिनिटभर चालवून बंद करा, पाच मिनिटांनी डिपस्टिक बघून उरलेलं भरा. वरच्या खुणेपुढे नको: टर्बोतून ऑइल फक्त उताराने खाली येतं, पातळी चढली की परतीची वाट तुंबते, सीलमधून ऑइल गळतं आणि निळा धूर येतो. मग चांगल्या टर्बोला खराब ठरवून हजारोंचं बिल होतं. नव्या ऑइलवर पहिल्यांदा सुरू केल्यावर प्रेशरचा दिवा विझून अर्धं मिनिट होईपर्यंत ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावू नका.