गावच्या स्मशानभूमीचा इतिहास कसा लिहावा

विदर्भातील एखाद्या मौज्याच्या स्मशानभूमीचा इतिहास लिहायचा असेल, तर आरंभ दगडांपासून न करता दप्तरापासून करावा. पूर्व विदर्भात स्मशानासाठी राखलेली जागा बहुधा निस्तार पत्रकात, म्हणजे गावाच्या सामाईक वापराच्या जमिनींच्या नोंदीत, सापडते. तिचा जुना खसरा (जमिनीच्या तुकड्याचा) क्रमांक आणि आजचा गट क्रमांक ताडून पाहिल्यास जागा सरकली की आक्रसली, हे ध्यानात येते. त्यानंतर तहसील कार्यालयात अर्ज करून जुन्या कोतवाल बुकाची (गावातील जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची) नक्कल मागावी. त्यातील मृत्यूच्या नोंदींपैकी १९१८ सालच्या, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीच्या काळातील, नोंदी विशेष बारकाईने वाचाव्यात.

दहनाच्या जागी खुणा फारशा उरत नाहीत. लिंगायत व गोसावी समाध्या, मुस्लिम व ख्रिस्ती कबरी मात्र बोलक्या असतात. झिजलेली अक्षरे वाचण्यासाठी दगडावर आम्ल किंवा तारेचा ब्रश मुळीच वापरू नये; सकाळच्या तिरप्या उन्हात, अथवा बाजूने विजेरी धरून, छायाचित्र घ्यावे. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळते (वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत ७९), पण हिजरी वर्ष चांद्र असल्याने तेथे अशी सरळ बेरीज चालत नाही, कोष्टकच पाहावे लागते.

अनेक गावांत जातीनिहाय वेगळी स्मशाने होती. वडीलधाऱ्यांना हे संकोच न करता, परंतु आदराने विचारावे, कारण ही बाब गाळून लिहिलेला इतिहास माझ्या मते अपुराच ठरतो. सांगणाऱ्याचे नाव छापण्यापूर्वी त्याची संमती घ्यावी.