खेळावरच्या लघुपटातली सहाय्यक पात्रं: या चुका टाळा

विद्यार्थ्यांनी केलेल्या खेळावरच्या लघुपटांत नायकावर भरपूर मेहनत घेतलेली असते. त्याची दुखापत, त्याचा सराव, त्याचा शेवटचा गुण, सगळं बारकाईने लिहिलेलं असतं. बाकीचे मात्र टाळ्या वाजवायला आणि 'तुला जमेल रे' म्हणायला उभे केलेले. मग अंतिम सामना कितीही देखणा चित्रित केला तरी प्रेक्षक त्यात गुंतत नाही, कारण संघ मैदानात असला तरी पणाला लागलेलं असतं ते एकट्या नायकाचं.

सगळ्यांना एकच हवं असतं: नायकाने जिंकावं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. प्रत्येक सहाय्यक पात्राबद्दल स्वतःला विचारा: हा सामना जिंकला तर याच्या पदरात काय पडेल, आणि हरला तर याचं काय जाईल? उत्तर नायकासारखंच आलं, तर ते पात्र अजून कच्चं आहे.

राखीव खेळाडूचंच बघा. संघ जिंकावा असं त्याला मनापासून वाटतं. पण आपल्याला मैदानात उतरायचं, तर कोणाला तरी लागलं पाहिजे किंवा कोणाचा तरी खेळ बिघडला पाहिजे, हेही त्याला ठाऊक असतं. नायक घोटा धरून खाली बसतो. सगळे धावतात. राखीव खेळाडूचा हात आधी ट्रॅकसूटच्या चेनकडे जातो, तिथेच थबकतो, आणि मग तो धावतो. एवढा एक शॉट पुरे, संवादाची गरजच नाही. आणि एवढ्यावरून त्याला खलनायक करू नका. त्याला स्वतःची लाज वाटली आहे, आणि त्याच मनःस्थितीत त्याला पुढची सर्व्हिस करायची आहे. लघुपटातला सगळ्यात जिवंत क्षण कदाचित हाच असेल.

स्वभाव कागदावरून आणला, खेळातून नाही

'विनोदी मित्र', 'तापट मित्र', 'अबोल मित्र' अशी यादी करून पात्रं बेतली की ती कुठल्याही गोष्टीत बसतात, म्हणजे तुमच्या गोष्टीची ती होत नाहीत. खेळातली जागाच पात्राला स्वभाव देते. व्हॉलीबॉलमधला लिबेरो, म्हणजे फक्त बचावासाठी असलेला खेळाडू घ्या. तो मागच्या रांगेतच खेळतो, ब्लॉक करू (नेटपाशी उडी मारून चेंडू अडवू) शकत नाही, नेटच्या वर असलेला चेंडू पलीकडे मारू शकत नाही. जर्सीचा रंगही इतरांहून वेगळा. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तो सर्व्हिसही करत नाही. समोरून आलेला जोरदार स्मॅश जमिनीवर झोपून उचलायचा, आणि गुण दुसऱ्याच्या हातून होताना बघायचा. अशा मुलाला श्रेय न मिळण्याची सवय झाली असेल की तो आतून धुमसत असेल? त्याचं पात्र इथून लिहायला घ्या. स्मॅशसाठी चेंडू उचलून देणाऱ्या सेटरचं कोडं वेगळं: निर्णायक चेंडू कोणाच्या हाती द्यायचा हे तो ठरवतो. दोन मित्रांचं भांडण झालेलं असेल, तर ते सेटरच्या बोटांत दिसू द्या.

रिलेवर लघुपट असेल तर बॅटनची अदलाबदल सोन्यासारखी आहे. ४×१०० मीटर शर्यतीत बॅटन घेणारा सहसा मागे न बघता हात मागे करून पळतो, आणि देणारा ओरडून इशारा देतो. सरावात जो मुलगा दर वेळी मान वळवून मागे बघतो, त्याचा सोबत्यावर किती भरवसा आहे हे सांगायला वेगळा सीन लागत नाही.

प्रशिक्षकाचं लांबलचक भाषण

व्हॉलीबॉलमध्ये टाइमआउट ३० सेकंदांचा असतो. दोन पानांचं भाषण त्यात बसणार नाही, आणि खेळ जाणणारा प्रेक्षक ते लगेच ओळखतो. ३० सेकंदांत प्रशिक्षक 'तुमच्या स्वप्नांसाठी खेळा' म्हणत नाही; 'त्यांचा चार नंबर दमलाय, चेंडू त्याच्यावर टाका' म्हणतो. तो कोणाकडे बघून बोलतो आणि कोणाकडे बघायचं टाळतो, यातून त्याचं पात्र कळतं.

विरोध करणारे वडील, माजोरडा प्रतिस्पर्धी

दोघेही वापरून गुळगुळीत झालेत. ठेवायचेच असतील तर त्यांच्या बाजूने खरं ठरेल असं एक वाक्य दोघांनाही द्या. वडिलांनी मुलाच्या गुडघ्याचा डॉक्टरांचा रिपोर्ट स्वतः वाचलेला असू शकतो. प्रतिस्पर्ध्यानेही तेवढाच घाम गाळलेला असतो.

पात्रांची गर्दी

पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, हा अंदाज धरला तर पंधरा मिनिटांच्या लघुपटाला पंधरा पानं मिळतात. व्हॉलीबॉल संघातल्या सहाही जणांना त्यात न्याय देता येत नाही. माझ्या मते तीन सहाय्यक पात्रं पुष्कळ झाली. उरलेल्यांना संवादाऐवजी एखादी लकब द्या: कोणी सर्व्हिसआधी चेंडू ठरावीक वेळाच आपटतो, कोणी सतत मोजे वर ओढतो. एखादं पात्र गरजेचं आहे की नाही हे कळत नसेल, तर त्याला पटकथेतून काढून बघा. एकही सीन अडला नाही, तर त्याचे चांगले संवाद दुसऱ्याला देऊन टाका. कर्णधार आणि जिवलग मित्र ही दोन पात्रं अशी बऱ्याचदा एकात विरघळतात, आणि ते एकच पात्र जास्त अडचणीत सापडतं. गोष्टीला ते हवंच असतं.

सेटवर उघडकीस येणारे घोळ

एकसारख्या जर्सीत, लांबून घेतलेल्या शॉटमध्ये सगळे सारखेच दिसतात. प्रत्येकाची ठेवण वेगळी ठेवा: केस, उंची, गुडघ्याचा पट्टा, उभं राहायची ढब. जर्सी नंबर आणि रोटेशनमधली (सर्व्हिसची पाळी ज्या क्रमाने फिरते त्यातली) जागा कागदावर लिहून सेटवर एकाकडे सोपवा, नाहीतर एडिटमध्ये एकाच गुणाला दोघेजण सर्व्हिस करताना सापडतील. भूमिकेसाठी निवडलेल्या मुलाला खेळ येत नसेल तर त्याचा खेळ हातांच्या आणि पायांच्या क्लोजअपमधून दाखवा, पूर्ण शॉटचा हट्ट नको.

प्रेक्षकांची गर्दी जमत नसेल तर गुणलेखकाला पात्र करा. टेबलावर बसलेली एक मुलगी, तिच्या हातातलं पेन आणि समोरचा तक्ता. नियमाने तिने तटस्थ राहायचं, पण शेवटच्या सेटला पेन कागदावर जोरात रुतायला लागतं.

आणि चित्रीकरण आवरण्याआधी प्रत्येक सहाय्यक पात्राचा एक मूक क्लोजअप घेऊन ठेवा, ज्यात त्याची नजर नायकावर नाही: गुणफलकावर, रिकाम्या खुर्चीवर, स्वतःच्या हाताकडे. एडिटला बसल्यावर एखादं पात्र निर्जीव वाटलं, तर बऱ्याचदा याच शॉटने ते सावरता येतं.