नॅस कनेक्ट होत नाहीये? पोर्ट आणि कनेक्शन चेक करताना या चुका टाळा

झेड ड्राइव्हवर लाल फुली आली, फाइल उघडत नाहीये असा फोन आला की बहुतेक ऑफिसात ठरलेलं असतं, कोणीतरी काळी विंडो उघडतो, नॅसच्या, म्हणजे सगळ्यांच्या फाइल्स ठेवलेल्या नेटवर्कवरच्या स्टोरेज बॉक्सच्या आयपीला पिंग मारतो (आहेस का, अशी हाक देतो), रिप्लाय आला की "नेटवर्क ओके आहे, तुमच्या मशीनमध्येच लोचा आहे" सांगून मोकळा होतो. फोर्टमधलं सीएचं ऑफिस घ्या नाहीतर अंधेरीतला एडिटिंग स्टुडिओ, सगळीकडे हेच चालतं, आणि रिटर्न भरायची शेवटची तारीख असेल तर त्या मशीनवर बसलेल्या माणसाचे जे हाल होतात ते बघवत नाहीत. म्हणून पहिल्यांदा हेच सांगतो, पिंगवर निकाल देऊ नका.

पिंग आयसीएमपी नावाच्या प्रोटोकॉलवर चालतो, त्यात पोर्ट, म्हणजे एकाच आयपीवर प्रत्येक सर्व्हिसचं वेगळ्या नंबराचं दार, हा प्रकारच नसतो. बिल्डिंगच्या गेटवर वॉचमन बसलाय म्हणून चौथ्या मजल्यावरचं दार कोणी उघडेलच असं थोडीच आहे! विंडोजचा शेअर म्हणजे एसएमबी, तो टीसीपी ४४५ वर चालतो, लिनक्सवाल्यांचा शेअर म्हणजे एनएफएस २०४९ वर, नेटवर्कवरून डिस्क जोडणारं आयस्कझी ३२६० वर, आणि तुम्हाला चेक करायचंय ते हेच पोर्ट. विंडोजवर पॉवरशेल उघडून टेस्ट-नेटकनेक्शनला आयपी आणि पोर्ट नंबर द्या, शेवटच्या ओळीत ट्रू की फॉल्स ते कळतं. लिनक्स किंवा मॅकवर नेटकॅट आहेच. टेलनेट शोधत बसू नका, ते विंडोजमध्ये कधीपासून बाय डिफॉल्ट बंद असतं.

आणि उलटंही होतं बरं का, पिंग बंद करून ठेवलेलं असतं पण ४४५ मस्त चालू असतो, आणि लोक "नॅस डाऊन" म्हणून थेट पॉवर बटण दाबतात. हे तर अजिबात करू नका. दहा जणांच्या फाइल्स उघड्या असतात, आणि रीस्टार्ट केल्यावर त्या वेळी नेमकं काय अडकलं होतं ते बघायला काहीच उरत नाही.

आता पोर्ट लागत नाहीये, तर कसा लागत नाहीये ते बघा, कारण माझ्या मते अर्धं उत्तर तिथेच असतं. "रिफ्यूज्ड" लगेच आलं तर पलीकडे मशीन जिवंत आहे, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाहीये, म्हणजे नॅसवर एसएमबी सर्व्हिस बंद पडलीय किंवा कोणीतरी सेटिंगमधून काढलीय, क्वचित फायरवॉलही असं उत्तर देतो. पण बराच वेळ काहीच न होता टाइमआउट आला तर वाटेत कोणीतरी पॅकेट गिळतंय, बहुतेक वेळा फायरवॉल किंवा चुकीचा व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे पाडलेले वेगळे कप्पे), नाहीतर आयपीच चुकलाय. टेस्ट-नेटकनेक्शन दोन्हीला फॉल्सच म्हणतं, मग काय करायचं, तो प्रयत्न चालू असतानाच दुसऱ्या विंडोत नेटस्टॅट -an मारा, कनेक्शनची यादी येते, त्यात स्टोरेजच्या आयपीची ओळ शोधा. तिथे सिन-सेंट असं अडकून बसलेलं दिसलं तर तुमची हाक जातेय पण उत्तर येत नाहीये. एस्टॅब्लिश्ड दिसलं तर कनेक्शन झालंय, पण त्यावरही डोळे झाकून विश्वास नको, समोरचा बॉक्स अचानक बंद पडला आणि मध्ये काही ट्रॅफिक नसेल तर आपल्या मशीनवर काही वेळ एस्टॅब्लिश्डच दिसत राहतं.

हे सगळं ज्याची तक्रार आहे त्याच्याच मशीनवरून करा. सर्व्हर रूममधल्या लॅपटॉपवरून पोर्ट ओपन दिसला याचा अकाउंट्समधल्या मॅडमना काही उपयोग नाही, त्या वेगळ्या व्हीलॅनमध्ये असू शकतात.

अजून एक, जे फार कमी जण बघतात. पिंगला उत्तर नक्की कोण देतंय? नॅसला फिक्स आयपी दिलेला असतो पण राउटर ज्यातून आपोआप आयपी वाटतो त्या डीएचसीपी रेंजमधून तो वगळायचा राहून जातो, मग एखाद दिवशी तोच आयपी कोणाच्या तरी फोनला किंवा प्रिंटरला मिळतो, पिंग झकास, शेअर गायब. नॅसच्याच व्हीलॅनमधल्या मशीनवरून एआरपीची यादी (कुठल्या आयपीमागे कुठला मॅक, म्हणजे हार्डवेअरचा नंबर) काढून मॅक अ‍ॅड्रेस नॅसच्या स्टिकरवरच्याशी जुळवा, काम मिनिटाचं आहे.

केबलकडे येऊ. हिरवी लाइट लागलीय म्हणजे लिंक आहे एवढंच, किती स्पीडची ते बघा. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोनच पुरतात, म्हणून बाकीच्या दोनपैकी एखादी जोडी खराब झाली की लिंक बहुतेक वेळा तुटत नाही, गुपचूप १०० वर उतरते, आणि सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जाणारी कॉपी ११ वर येते. मुंबईत पावसाळ्यात हे जास्त बघायला मिळतं, खिडकीजवळून नेलेली केबल, एसी रात्री बंद, सगळीकडे दमट हवा. प्लग काढून उजेडात धरा, त्या आठ पिवळ्या पट्ट्यांपैकी एखादी काळपट किंवा हिरवट झालेली दिसेल. घासत बसू नका, कापून नवीन प्लग क्रिम्प करा किंवा पॅचकॉर्डच बदला, मग स्विचवर ती केबल लागते त्या सॉकेटचा सीआरसी एरर काउंटर (खराब पोचलेल्या पॅकेटांची मोजणी) शून्य करून तासाभराने परत बघा. वाढत असेल तर अजून कुठेतरी गडबड आहे.

जंबो फ्रेम, म्हणजे नेहमीपेक्षा मोठी पॅकेट, चालू केली असेल तर साधा पिंग काही सांगणार नाही, शेअर लागतो, छोट्या फाइल्स उघडतात, मोठी फाइल टाकली की हँग. एमटीयू (पॅकेटची कमाल साइज) ९००० असेल तर ८९७२ बाइटचा पिंग, डोन्ट फ्रॅगमेंट (तुकडे करू नको) लावून मारा. नाही गेला तर मधला कुठला तरी स्विच किंवा दोन्हीकडचं एखादं मशीन १५०० वरच आहे.

पोर्ट ओपन आहे तरी शेअर लागत नाही, तर मग विषय नेटवर्कचा राहिलाच नाही, लॉगिनचा आहे. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ पासून बाय डिफॉल्ट एसएमबी सायनिंग (प्रत्येक पॅकेटवर डिजिटल सही) सक्तीचं आणि गेस्ट अ‍ॅक्सेस बंद, त्यामुळे बिनपासवर्डचे जुने नॅस अपडेटनंतर एकदम दिसेनासे होतात. नॅसवर प्रत्येकाला नीट युजर बनवून द्या, सेक्युरिटी ढिली करू नका. आणि घरून चेक करता यावं म्हणून राउटरवर ४४५ फॉरवर्ड करणं, म्हणजे तो इंटरनेटला उघडा करणं, तर कधीच नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस विंडोजच्या एसएमबीमधल्या भगदाडातून याच पोर्टवरून जगभर पसरला, त्यासाठीचा पॅच मार्चमध्येच आलेला होता. जूनमध्ये नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसने तेच भगदाड आणि चोरलेले पासवर्ड वापरले आणि आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं. घरून लागतं तर व्हीपीएन घ्या.

एवढं करूनही सुटलं नाही तर व्हेंडरला "नॅस चालत नाही" एवढंच लिहून पाठवू नका. कुठल्या आयपीवरून, कुठल्या पोर्टला, रिफ्यूज्ड की टाइमआउट, लिंक स्पीड किती, एकालाच होतंय की सगळ्यांना, हे लिहा.