बोट शोमध्ये नवी मोटर यॉट पाहताना या चुका टाळा

प्रदर्शनातली यॉट धक्क्याला घट्ट बांधलेली असते. टाक्या जवळपास रिकाम्या, कपाटं रिकामी, वीज किनाऱ्यावरून घेतलेली, जनरेटर बंद, एसी गार आणि सगळे दिवे लावलेले. समुद्रात ती अशी कधीच नसते. शोमध्ये होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे. समोर दिसतं तेवढंच पाहिलं जातं. हीच बोट सामानाने भरल्यावर, लाटेवर हलताना आणि दोन हंगाम वापरल्यानंतर कशी वागेल, हा विचार राहून जातो.

तयारीशिवाय फिरणं

खिशात मापनपट्टी आणि छोटी विजेरी ठेवा. पायात पटकन काढता येतील अशी पादत्राणं हवीत, कारण जवळजवळ प्रत्येक यॉटवर चढण्याआधी ती काढून टोपलीत ठेवावी लागतात. मोठ्या यॉटसाठी आधी वेळ ठरवून घ्या. शनिवार-रविवारच्या गर्दीत इंजिन रूम उघडून दाखवायला कुणाला सवड नसते. दिवसाला पाच-सहा बोटी नीट पाहून होतात. त्याहून जास्त पाहिल्या तर संध्याकाळी कुठलं स्वयंपाकघर कुठल्या बोटीचं, हेच आठवत नाही. यावर सोपा उपाय म्हणजे प्रत्येक बोटीवर पहिला फोटो निर्मात्याच्या पट्टीचा काढायचा. नंतरचे सगळे फोटो आपोआप त्या बोटीच्या नावावर लागतात.

ही पट्टी बहुधा सुकाणूजवळ किंवा कॉकपिटमध्ये (मागच्या उघड्या बैठकीत) बसवलेली असते. युरोपीय नियमांखालच्या बोटींवर तिच्यात आरेखन-श्रेणी, कमाल माणसं आणि कमाल भार लिहिलेला असतो. बी श्रेणी म्हणजे बोफोर्ट (वाऱ्याच्या जोराची मोजपट्टी) 8 पर्यंतचा वारा आणि 4 मीटरपर्यंतच्या लाटा, सी श्रेणी म्हणजे बोफोर्ट 6 आणि 2 मीटर. एकाच बोटीवर श्रेणीनुसार माणसांचे दोन आकडे असू शकतात, उदाहरणार्थ बीमध्ये 10 आणि सीमध्ये 14. विक्रेता मोठा आकडा सांगतो. तुमच्या पाण्याला कुठली श्रेणी लागते, ते तुम्ही पाहायचं.

तळ न पाहणं

जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला जानेवारीत भरणारा शो बंद सभागृहांत असतो आणि बोटी जमिनीवर उभ्या असतात. सप्टेंबरमध्ये फ्रान्समधल्या कान शहरात भरणाऱ्या शोमध्ये त्या पाण्यात तरंगतात. दोन्हीकडे पाहायच्या गोष्टी वेगळ्या. बोट जमिनीवर असेल तर आधी वाका आणि तळ पाहा. लोक थेट जिना चढून सलूनमध्ये (आतल्या बैठकीच्या खोलीत) जातात आणि पाण्यातल्या शोमध्ये कधीच न दिसणारा भाग तसाच सोडून देतात.

मागच्या टोकाला तळाचा व्ही किती अंशांचा आहे ते विचारा. 12-14 अंशांचा सपाट तळ कमी ताकदीत पाण्यावर उचलला जातो, उभ्या बोटीवर कमी डुलतो, पण आखूड उभ्या लाटांवर जोरात आपटतो. 18-20 अंश किंवा त्याहून खोल तळ लाट मऊ कापतो. मात्र त्याला जास्त ताकद लागते आणि नांगरावर असताना बोट अधिक हलते. यातलं कुठलंच वाईट नाही, पण कुठलं हवं हे आपल्या समुद्रावर ठरतं.

मग पंखे (प्रोपेलर) पाहा. शाफ्टच्या (इंजिनापासून सरळ दांड्याने पंखा फिरवणाऱ्या) बोटीत पंखे तळातल्या खोबणीत बसवले असतील तर बोटीला कमी खोल पाणी पुरतं. पंखा किलच्या (तळाच्या मधल्या कण्याच्या) खाली उतरत असेल, तर खडकाला किंवा तरंगत्या ओंडक्याला सगळ्यात आधी तोच लागणार. पॉड ड्राइव्हमुळे (तळाखाली वळणाऱ्या, पंखा असलेल्या यंत्रणेमुळे) गोदीत वळणं फार सोपं होतं आणि आतली जागा वाचते, पण पॉडच्या दुरुस्तीला बहुतेक वेळा बोट पाण्याबाहेर काढावी लागते. स्टर्नड्राइव्हवर (मागच्या टोकाबाहेर बसवलेल्या पंख्याच्या यंत्रणेवर) रबरी बेलोज (घड्यांची लवचीक नळकांडी) असतात. ते फाटले की पाणी थेट आत शिरतं, म्हणून ते किती वर्षांनी बदलायचे आणि त्याचा खर्च किती, हे तिथेच विचारा.

पाण्यातल्या शोमध्ये तळ दिसत नाही, पण बोट कशी तरंगते ते दिसतं. थोडं लांब उभं राहून बाजूने पाहा. रिकाम्या टाक्यांवरच ती मागे बसलेली किंवा एका अंगाला कललेली असेल, तर भरल्यावर ते वाढू शकतं. टाक्या कुठे आहेत, हे विचारल्याशिवाय तिथून हलू नका.

वेगाचा एकच आकडा धरून बसणं

माहितीपत्रकातला कमाल वेग बहुधा हलक्या बोटीचा, स्वच्छ तळाचा आणि शांत पाण्यातला असतो. साधारण 14 टनांच्या बोटीचा हिशेब करून पाहा. 1,200 लिटर डिझेल म्हणजे एक टन. 500 लिटर पाणी म्हणजे अर्धा टन. सहा माणसं आणि त्यांचं सामान पाऊण टनाच्या आसपास. 10 मिलिमीटरची 50 मीटर नांगराची साखळी 115 किलो, मागच्या फलाटावरची छोटी बोट तिच्या इंजिनासह 200 किलो. बेरीज अडीच टनांवर जाते. विस्थापनाचा (बोटीच्या वजनाचा) आकडा रिकाम्या बोटीचा की भरलेल्या, हे स्पष्ट विचारा.

कमाल वेगाऐवजी इंधनाचा पूर्ण तक्ता मागा: इंजिनाच्या फेऱ्या, वेग आणि ताशी लिटर, दर 500 फेऱ्यांना एक ओळ. डिझेल इंजिन पूर्ण जोरात एका किलोवॅटला तासाला साधारण पाव लिटर पितं. म्हणजे 320 किलोवॅटची दोन इंजिनं ताशी 160 लिटरच्या घरात. आता 22 नॉटला (तासाला 22 सागरी मैल) ताशी 110 लिटर लागत असतील, तर सागरी मैलाला 5 लिटर झाले. 1,200 लिटरमधले 20 टक्के राखीव ठेवले की उरतात 960, म्हणजे पल्ला 192 सागरी मैल. पत्रकात याच बोटीचा पल्ला 400 मैल छापला असेल, तर तो बहुधा 7-8 नॉटचा असतो. जलरेषेची लांबी 12 मीटर असेल तर विस्थापनाच्या चालीची (पाण्यावर न उचलता, पाणी कापत जाण्याची) मर्यादा साधारण 8.4 नॉट येते (मीटरमधल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले 2.43). तिच्या खाली डिझेल झपाट्याने वाचतं. त्या वर, बोट पाण्यावर उचलली जाण्याआधीचा टप्पा सगळ्यात खर्चिक. तिथे नाळ (बोटीचं पुढचं टोक) वर उठते, समोरचं दिसत नाही आणि मैलामागे इंधनही भरपूर जातं. तक्त्यात हा टप्पा नेमका कुठे येतो, ते शोधा.

इंजिन रूम वरून डोकावून पाहणं

आमच्या मते शोमधला अर्धा वेळ इथे द्यावा. पांढरं रंगवलेलं, दिव्यांनी उजळलेलं इंजिन वरून सुंदरच दिसतं. आत उतरा. उतरू देत नसतील तर दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मागा.

आधी झाकण पाहा. ते कॉकपिटच्या जमिनीत असेल तर वरचं टेबल हलवावं लागतं का? सलूनमध्ये असेल तर गालिचा आणि सोफा काढावा लागतो का? रोजच्या तेलतपासणीला सामान हलवावं लागलं, तर ती तपासणी होतच नाही.

आत गेल्यावर दोन्ही इंजिनांच्या बाहेरच्या अंगाला हात पोचतो का पाहा. तेलाची कांडी, कूलंट, पट्टा आणि समुद्राच्या पाण्याचा पंप यांना स्वतः हात लावून बघा. या पंपातला रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारं चाक) साधारण दरवर्षी बदलायचा असतो आणि तो तुटला की काही मिनिटांत इंजिन तापतं. पंपासमोर जेमतेम 15 सेंटिमीटरवर भिंत किंवा जनरेटर असेल, तर हलत्या बोटीत, गरम इंजिनाशेजारी ते काम अशक्य होतं. समुद्राच्या पाण्याच्या गाळणीत शेवाळ आणि प्लास्टिक अडकतं. तिचं झाकण सहज उघडतं का आणि तिचा सी-कॉक (समुद्राचं पाणी बंद करायची तोटी) शेजारीच आहे का, तपासा. सी-कॉकचा दांडा पाव वळणात पूर्ण बंद व्हायला हवा. धातू कुठला, हेही विचारा. ब्रॉन्झ, जस्त-क्षय रोखणारं पितळ किंवा समुद्रासाठी प्रमाणित कॉम्पोझिट ठीक. साध्या पितळातलं जस्त खाऱ्या पाण्यात निघून जातं आणि वरून धड दिसणारा सी-कॉक आतून ठिसूळ होतो.

जलरेषेखालच्या प्रत्येक होजवर प्रत्येक टोकाला दोन क्लॅम्प असावेत. डिझेल फिल्टर दोन असून मध्ये बदलाचा व्हॉल्व्ह असेल तर चालत्या इंजिनावर एक बंद करून साफ करता येतो. घाणेरडं डिझेल मिळालं की याची किंमत कळते. तारांवर खुणा आहेत का, त्या धारदार कडेवरून गेल्या आहेत का, बॅटऱ्या पट्ट्यांनी बांधल्या आहेत का, हेही पाहा. विजेरी इंजिनांखाली टाका. नव्या बोटीत तिथे फायबरचा भुसा, स्क्रू आणि वायरचे तुकडे पडलेले असतील, तर तेच उद्या बिल्ज पंपात (तळात साचलेलं पाणी बाहेर काढणाऱ्या) अडकतात. शिवाय जिथे दिसत नाही तिथे कारखान्याने कसं काम केलंय, याचा त्याहून चांगला पुरावा नाही.

शेवटचा प्रश्न विक्रेत्याला जरूर विचारा: जनरेटर बदलायची वेळ आली तर तो कुठल्या वाटेने बाहेर निघेल? नीट उत्तर असेल तर मार्ग मोजा. डेक कापावा लागेल असं उत्तर आलं, तर ते किंमत ठरवताना लक्षात ठेवा.

सुकाणूवर फक्त फोटोपुरतं बसणं

घरातली सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटकी व्यक्ती, दोघांनीही बसून आणि उभं राहून पाहावं. गॅसचे दांडे, बो थ्रस्टर (नाळ बाजूला ढकलणारा छोटा पंखा) आणि ट्रिमची (बोटीचा कल बदलायची) बटणं पाठ टेकूनच हाताशी येतात का? बोट वेग घेताना नाळ चार-पाच अंश वर जाते. उभ्या बोटीतच पुढचा कठडा डोळ्यांच्या रेषेत येत असेल, तर तेव्हा समोरची छोटी होडी दिसणार नाही. काचेमधले जाड खांबही मोठा कोन झाकतात. मागे वळून पाहा: सलूनच्या दारातून मागचा धक्का दिसतो, की फ्रिज आणि जिना आड येतो? सुकाणूशेजारी बाजूच्या डेकवर उघडणारं दार असेल तर दोनच माणसांनी बोट बांधणं खूप सोपं होतं.

डेकवर पुढच्या टोकापर्यंत एकदा चालून या, एका हातात फेंडर (बोट धक्क्यावर आपटू नये म्हणून लावायची फुगीर उशी) धरून. कठडा गुडघ्याला लागत असेल तर तो माणसाला वाचवत नाही, पलीकडे ढकलतो. 12-15 मीटरच्या बोटीला सहा ते आठ फेंडर लागतात. ते ठेवायचे कुठे, हे विचारल्यावर पुष्कळ बोटींत उत्तर मिळत नाही. दोर बांधायच्या खुंट्या मोठ्या आणि हाताशी हव्यात. साखळीच्या कप्प्यात हात जातो का तेही पाहा, कारण साखळी ढिगारा करून अडकतेच.

केबिनच्या सजावटीला भुलणं

दिवे आणि संगीत बंद करायला सांगा, मग खाटेवर पूर्ण आडवे व्हा. पायाकडची रुंदी मोजा. पुढच्या केबिनमध्ये ती अचानक अरुंद होते. एसी बंद असताना हवा कुठून येणार, किती खिडक्या खरंच उघडतात? जनरेटर कुठल्या खाटेच्या भिंतीमागे आहे? तो चालू करून दाखवा म्हणा. जायरो स्टॅबिलायझर (डुलणं कमी करणारं जड फिरतं चाक) असेल तर त्याला पूर्ण फिरकी घ्यायला अर्धा ते पाऊण तास लागतो आणि वीजही लागते. रात्री नांगरावर ती वीज कुठून येणार? इंडक्शनच्या शेगडीलाही हाच प्रश्न लागू आहे. सलूनमध्ये हात धरायला काही नसलेली दोन मीटरची मोकळी जागा दिसायला छान, लाटेवर धोक्याची.

किमतीची पाटी आणि बयाणा

शोमधली बोट बहुधा जवळजवळ सगळ्या जादा सोयींनी भरलेली असते आणि पाटीवरची किंमत मूळ बोटीची. लेखी मागा: दिसते तशी किंमत, करासह आणि करावेगळी, वाहतूक, पाण्यात उतरवणी, तळाचा रंग, सुरक्षेची साधनं. लांबीही तपासा. नावातला आकडा, हलची (बोटीच्या मूळ कवचाची) लांबी आणि फलाट-नांगरासह एकूण लांबी हे तीन वेगळे आकडे असतात. मरिना भाडं बहुधा एकूण लांबीवर घेते.

‘नवी’ बोट किती नवी, ते मागच्या बाजूला उजवीकडे कोरलेल्या हल क्रमांकावरून कळतं. शेवटची चार अक्षरं A525 असतील तर पहिलं अक्षर महिना (A म्हणजे जानेवारी), 5 म्हणजे 2025 मध्ये बांधणी आणि 25 हे मॉडेलचं वर्ष. शोची बोटच घेणार असाल तर वॉरंटी ताब्याच्या दिवसापासून सुरू होईल, हे कागदावर लिहून घ्या. इंजिनाची आणि हलची वॉरंटी वेगवेगळी असते.

‘आजच सही केली तर सवलत’ म्हटल्यावरही बयाणा समुद्रातल्या चाचणीच्या अटीवरच द्या आणि परतीची अट त्याच पानावर घ्या. चाचणी टाक्या भरून, नेहमीइतकी माणसं घेऊन व्हावी. पूर्ण गॅसवर दोन्ही इंजिनांनी निर्मात्याने सांगितलेल्या कमाल फेऱ्या गाठल्या पाहिजेत. 2-3 टक्के कमी पडल्या तरी कारण विचारा: पंखा जड असू शकतो, आणि तशा पंख्यावर इंजिन कायम ओझ्याखाली चालून लवकर झिजतं. पंखा बदलणं विक्रेत्याच्या खर्चाने होईल, असं ताब्याआधीच करारात असू द्या.