लाकडाचा स्टोव्ह बंद असतो तेव्हा: उन्हाळ्यात उरकायची कामं

उन्हाळ्यात एखादी सर येऊन गारवा पडला की खोली ऊबदार ठेवणाऱ्या, लाकडावर चालणाऱ्या स्टोव्हची हटकून आठवण होते आणि हात काडेपेटीकडे वळतो. पण अशा हवेत स्टोव्ह धड जळत नाही. धुराडं धूर ओढतं ते आतला धूर आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर. बाहेर २५ अंश असताना हा फरक घटतो, ओढ मंदावते. त्यात खोली लगेच तापते, म्हणून आपण हवेची झडप आवळत जातो. मग लाकूड जळायचं सोडून धुमसतं आणि धुरातला डांबरासारखा अंश धुराड्याच्या आतून बसत जातो. हाच क्रिओसोट, आणि धुराड्याला आग लागते ती याच्यामुळे.

राहवतच नसेल तर अंगठ्याएवढ्या जाडीच्या सुक्या काटक्यांचा छोटा पण लख्ख जाळ करा. झडप पूर्ण उघडी ठेवा, खिडकी थोडी किलकिली करा. काटक्या संपल्या की जाळ आपोआप विझू द्या, वर ओंडका चढवू नका.

बाकीची हौस भागवायला कामं भरपूर आहेत. त्यात पहिलं सरपणाचं, कारण ते पुढे ढकललं तर हिवाळ्यात भरून काढता येत नाही. ताज्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं. जाळायला २० टक्क्यांच्या खाली ओलावा हवा. पाईनसारखं मऊ लाकूड ६ ते १२ महिन्यांत वाळतं, ओकसारखं घट्ट लाकूड दोन उन्हाळे घेतं. म्हणजे आज फोडलेला ओक येत्या थंडीसाठी नाही, त्याच्या पुढच्या थंडीसाठी.

ओंडके अख्खे ठेवले तर साल पाणी आत कोंडून धरते, म्हणून आधी फोडायचे. तुकड्याची जाडी ८ ते १५ सेंटीमीटर, लांबी स्टोव्हच्या आतल्या मापापेक्षा निदान ५ सेंटीमीटर कमी. थप्पी जमिनीपासून १० सेंटीमीटर उंच, फळ्यांवर किंवा पॅलेटवर लावा आणि भिंतीपासून वीतभर अंतर सोडा. शक्यतो एकच रांग, वाऱ्याच्या तोंडाला. झाकण फक्त वरून. ताडपत्री चारी बाजूंनी जमिनीपर्यंत गुंडाळली की आत दमटपणा कोंडतो आणि बुरशी धरते. ही चूक सर्रास दिसते.

वाळलं का हे टोकाच्या भेगांवरून ठरवू नका. टोकं आधी सुकतात, गाभा ओलाच राहतो. ओलावामापक असेल तर तुकडा मधोमध फोडून ताज्या पृष्ठभागावर, रेषांच्या दिशेने सुया रोवा. नसेल तर थप्पीतल्या तीन-चार तुकड्यांवर खूण करून दर पंधरा दिवसांनी वजन करा. वजन उतरायचं थांबलं की त्या हवेत ते लाकूड जितकं वाळायचं तितकं वाळलं. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की सुक्याचा आवाज खणखणीत येतो, ओल्याचा बद्द.

आता धुराडं. हंगाम संपल्यावर ते लगेच झाडावं. काजळी आणि राख दोन्ही हवेतला ओलावा ओढतात, त्यातून पत्रा गंजतो आणि घरात जळकट, आंबूस वास सुटतो. घर बाहेरच्यापेक्षा गार असलं की धुराड्यातली हवा उलटी खाली उतरते, म्हणून हा वास ऐन उन्हाळ्यातच नाकाला जाणवतो.

झाडायच्या आधी आतली आडवी पाटी, म्हणजे जाळाच्या वर बसवलेला अडसर, काढून घ्या. ती तशीच राहिली तर पडलेली सगळी काजळी तिच्यावर साचते आणि धुराचा रस्ता तुंबतो. ब्रश नळीच्या मापाचा हवा. स्टीलच्या नळीला प्लास्टिकच्या काड्यांचा, विटांच्या किंवा मातीच्या धुराड्याला तारेचा. ब्रश वर ढकलायला एकीला एक जोडायच्या लांब काड्या फिरवायच्या त्या फक्त आटे आवळले जातील त्या दिशेने. उलट फिरवलं की काडी सुटते आणि ब्रश वरच अडकतो. नाकातोंडावर चांगला मास्क लावा, स्टोव्हच्या तोंडाला प्लास्टिक चिकटवा आणि काम झाल्यावर तासभर काजळी खाली बसू द्या. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर इथे नको. बारीक काजळी त्याच्या गाळणीतून सरळ खोलीत येते.

थर ३ मिलिमीटरच्या पुढे गेला असेल तर झाडणं टाळण्यासारखं राहत नाही. तो भुरभुरीत किंवा पापुद्र्यांचा असेल तर ब्रशने निघतो. चकचकीत, काचेसारखा कडक असेल तर नुसत्या ब्रशने निघणार नाही, तिथे धुराडी साफ करणाऱ्या माणसालाच बोलवा. मोठा जाळ करून तो जाळून टाकायचा विचार मनातही आणू नका. धुराड्याच्या टोकावरची टोपी आणि जाळीही बघा. पक्षी घरटं करतात ते याच दिवसांत.

स्टोव्हच्या दाराच्या कडेने खाचेत हवा अडवणारी दोरी बसवलेली असते, तिची परीक्षा कागदाच्या पट्टीने करा. पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. चारी बाजूंना ती अडकली पाहिजे. कुठे सहज निसटली तर तिथून हवा शिरते आणि जाळ हाताबाहेर जातो. नवी दोरी आणताना जाडी स्टोव्हच्या माहितीपत्रकात पाहा. जास्त जाड घेतली तर दार लागत नाही आणि बिजागऱ्यांवर ताण येतो. जुनी दोरी आणि सरस खरवडून काढा. दोरी कापायच्या जागी आधी चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर टोक उसवतं. खाचेत उष्णतेला टिकणारा सरस ओतून दोरी नुसती दाबत न्या. ताणलीत की ती बारीक होते आणि फट राहते. सांधा कोपऱ्यात नको. दार लावून २४ तास वाळू द्या, मध्ये मेणकागद ठेवला तर दोरी चौकटीला चिकटत नाही.

काच बसवताना स्क्रू करकचून आवळू नका. तापल्यावर काचेभोवतीची चौकट प्रसरण पावते, आणि हलायला जागा नसेल तर काच तडकते. आतल्या विटांना बारीक तडे गेले तर चालतात. तुकडे सुटले किंवा मागचा पत्रा दिसू लागला तर वीट बदलायची.

राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच भरा आणि डबा घराबाहेर ठेवा, कारण राखेखालचा निखारा कित्येक दिवस धगधगू शकतो. सगळं साफ झाल्यावर दार आणि झडप किंचित उघडी ठेवली तर आत हवा खेळते आणि गंज धरत नाही. वास येत असेल तर मात्र बंद करा. गंजाचे डाग बारीक स्टील वूलने घासून स्टोव्हचा रंग लावलात, तर तो रंग पक्का होतो तो पहिल्या जाळात, धूर आणि उग्र वास सोडत. त्या दिवशी खिडक्या उघड्या ठेवा आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचं बटण दाबून तो वाजतो का, हे आधी बघा.