सोलापूरहून पुण्याला रविवारच्या ब्रंचला जाताना

ब्रंच म्हणजे नाश्ता आणि जेवण एकत्रच, काउंटरवरून हवं ते वाढून घ्यायचं. हॉटेलातलं टेबल गुरुवारपर्यंत फोनवर राखून ठेवा, वेळ दुपारी 12.30 ची सांगा. रस्ता साधारण 250 किलोमीटरचा. पहाटे निघालात तरी हडपसरला गर्दी लागतेच. उशीर होणार असेल तर वाटेतूनच कळवा, नाहीतर टेबल दुसऱ्याला जातं.

दर विचारताना ‘करासकट किती?’ हे विचाराच. पंचतारांकित हॉटेलात 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे 2,000 चे 2,360 होतात. सेवाशुल्क मात्र ऐच्छिक. नको असेल तर बिलातून काढायला सांगा.

पाव आणि ज्यूसनं पोट भरून जातं, बहुतेकांची फसगत तिथेच होते. आधी रिकाम्या हातानं सगळे काउंटर पाहून घ्या, मग ऑम्लेट समोर करून मागा. आधीचं करून ठेवलेलं चिवट होतं. शेंगाचटणीची पुडी गाडीतच राहू द्या.