नोकरी, घर आणि पाळीव प्राणी सांभाळून लिहायचे असेल तर वर्षाची आखणी कशी करावी

नोकरी करून लिहू पाहणारी व्यक्ती प्रथम दिवसाचे वेळापत्रक आखते, आणि मराठवाड्यातल्या अनेक शहरांत ते पहिल्याच आठवड्यात मोडते. नळाला पाणी काही दिवसांआड येते, ते पहाटे सुटेल की रात्री याचा नेम नसतो, आणि सुटले की घरातला प्रत्येक हात ते भरून घेण्यात गुंततो. त्या दिवशी ‘पहाटे पाच ते सहा लेखन’ ही ओळ कागदावरच राहते. दोन-तीनदा असे झाले की माणूस स्वतःला आळशी ठरवून लेखन सोडून देतो. म्हणून सुरुवात वर्षापासून करावी, तेथून आठवड्याकडे यावे, आणि दिवसाचे वेळापत्रक सर्वांत शेवटी, तेही जरा सैलच ठेवावे.

वर्षाची आखणी

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत सर्वांत आधी कार्यालयाचे जड महिने खुणावेत. बँकेत मार्चअखेर आणि पुढे खरिपाच्या पीककर्जाचे दिवस, शाळेत परीक्षा आणि उत्तरपत्रिका तपासणी, महसूल आणि कृषी खात्यांत अतिवृष्टीनंतरचे पंचनामे, वाळूज किंवा शेंद्रा येथील कारखान्यांत रात्रपाळीचे आठवडे, असे प्रत्येक नोकरीचे ओझे ठरलेल्या वेळी वाढते. बाराही महिने सारखेच जड वाटत असतील, तर मागच्या वर्षी कोणकोणत्या महिन्यांत घरी पोहोचायला उशीर झाला ते आठवून लिहून काढावे. काही महिने इतरांपेक्षा हलके निघतातच.

त्यानंतर घराच्या खुणा कराव्यात. दहावी-बारावीची मुले असतील तर फेब्रुवारी आणि मार्च, गावाकडे शेत असेल तर जूनची पेरणी आणि सोयाबीनची काढणी, जवळच्या नात्यातली लग्ने, पोळा, दिवाळी. लातूर-धाराशिवकडच्या घरांनी मार्गशीर्ष अमावस्येची येळवस, म्हणजे शेतात जाऊन जेवण्याचा सण, हीही खुणावावी आणि त्या दिवशी वही घरीच ठेवावी. समोर आंबील आणि भज्जी असताना झाडाखाली वही उघडणारा लेखक मला तरी थोडा संशयास्पद वाटतो. तिसऱ्या रंगाने कुत्र्याच्या किंवा मांजराच्या लसीकरणाच्या आणि जंतनाशकाच्या तारखा लिहाव्यात. एवढे झाल्यावर जी मोकळी जागा उरते ती लेखनाची, आणि ती अपेक्षेपेक्षा कमी दिसली तरी निदान खरी असते.

या मोकळ्या जागेत कोणते काम घालायचे हा निर्णय सर्वांत महत्त्वाचा आहे. कथा किंवा कादंबरीचा पहिला खर्डा सलग दिवस मागतो, कारण पात्रांचे बोलणे कानात टिकावे लागते आणि चार-पाच दिवसांच्या खंडानंतर ते पुसट होऊ लागते. याउलट टिपणे काढणे, मजकूर टंकित करणे, शुद्धलेखन तपासणे, एखादा परिच्छेद कमी करणे ही कामे पंधरा-वीस मिनिटांच्या तुकड्यांतही होतात. तेव्हा हलक्या महिन्यांत नवे लिहावे आणि जड महिन्यांत जुने दुरुस्त करावे. मार्चमध्ये बँकेतल्या माणसाने नवी कादंबरी सुरू करणे हा निव्वळ हट्ट होय.

मराठी लेखकाला यात आणखी एक तारीख धरावी लागते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडील लेखनाचे वर्ष बरेचसे दिवाळीभोवती फिरत आले आहे, आणि अंकांसाठीचे साहित्य साधारणपणे पावसाळ्यातच मागवले जाते. ज्यांचे पावसाळ्याचे महिने जड असतात, त्यांनी हिवाळ्यात खर्डा लिहून मे अखेरीपर्यंत कथा पूर्ण करून ठेवावी. शिक्षकांना मात्र उन्हाळी सुटी मिळते. त्यांनी मे महिन्यात खर्डा आणि जूनमध्ये पुनर्लेखन असा क्रम ठेवला तरी चालतो.

किती लिहावे

रोज दोनशे शब्द पुरेसे आहेत. आठवड्यातले पाच दिवस तेवढे झाले तर चार आठवड्यांत चार हजार शब्द होतात, म्हणजे एका बऱ्यापैकी लांबीच्या कथेचा खर्डा. आठवड्याचे दोन दिवस मुद्दाम मोकळे सोडावेत. पाणी, पाहुणे आणि आजारपण त्यांतच मावते. काम थांबवताना पुढच्या प्रसंगाविषयी एक ओळ लिहून ठेवावी, म्हणजे दुसऱ्या दिवशीची पहिली दहा मिनिटे ‘आता काय’ या प्रश्नात जात नाहीत.

परभणीचे बी. रघुनाथ यांनी सरकारी बांधकाम खात्यात कारकुनी करत कविता, कथा आणि कादंबरी हे तिन्ही प्रकार हाताळले आणि १९५३ मध्ये, चाळिशीतच, ते गेले. नोकरीमुळे लेखन होत नाही असे म्हणणाऱ्याला त्यांचे उदाहरण ऐकवण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण त्यांच्या आयुष्याचा हा दुसरा भागही तेवढाच लक्षात ठेवावा. झोपेतून काढलेला वेळ काही आठवडेच पुरतो, आणि पहाटे पाचला उठायचे तर रात्री दहाला झोपणे हा वेळापत्रकाचाच भाग असतो.

राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि कामाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा अशी लांबली. याचा अर्थ कामाच्या दिवशी संध्याकाळ जवळजवळ संपलेली असते. अशा नोकरीत संध्याकाळी लिहिण्याचा आग्रह सोडून शनिवारची सकाळ लेखनाला द्यावी आणि रविवार पूर्णपणे घराला. दोन्ही दिवस लेखनाला घेणारा माणूस घरात लवकरच नकोसा होतो. शासकीय कर्मचाऱ्यांनी ‘महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९’ एकदा स्वतः वाचून घ्यावेत. कर्तव्यात बाधा येत नसेल तर निव्वळ साहित्यिक स्वरूपाच्या प्रासंगिक लेखनाला त्यांत वाव आहे, परंतु शासनाच्या धोरणावरील टीका आणि कार्यालयीन माहितीचा वापर यांचे नियम कडक आहेत. कार्यालयाच्या संगणकावर कथा लिहू नये, हे तर नियम न वाचताही कळावे.

घरच्यांशी बोलणे

लेखनाचा वेळ घरात कोणाच्या तरी श्रमातून येतो, हे आधी मान्य करावे. नवरा सकाळी तासभर दार लावून लिहितो तेव्हा त्या तासात डबे, मुलांची आवराआवर आणि आई-वडिलांचा चहा कोणीतरी पाहत असते, आणि ती व्यक्ती बहुतेक घरांत बायकोच असते. म्हणून केवळ ‘मला वेळ हवा’ असे म्हणून थांबू नये. त्या तासाच्या बदल्यात आपण कोणते काम कायमचे घेत आहोत तेही सांगावे. रात्रीचे स्वयंपाकघर आवरणे, मुलांचा अभ्यास, दळण आणि भाजी, यांपैकी एखादे काम पूर्णपणे अंगावर घ्यावे आणि आठवण करून द्यायला लावू नये. लिहिणारी बाई असेल तर अडचण वेगळी असते: तिला वेळ ‘दिला’ जातो, पण दर दहा मिनिटांनी कोणाला तरी काहीतरी सापडत नसते. तिने शक्य असल्यास घराबाहेरची जागा शोधावी. सार्वजनिक वाचनालय, मैत्रिणीचे घर, किंवा शाळा सुटल्यानंतरचा शिक्षक कक्षही चालतो.

सासू-सासरे किंवा आई-वडील सोबत राहत असतील तर त्यांना लेखनाविषयी मोघम सांगण्यापेक्षा नेमकी वेळ सांगावी. ‘दादा, साडेसहापर्यंत मी आतल्या खोलीत आहे, मग आपण चहा घेऊ,’ एवढे वाक्य पुरते. मुलांना घड्याळातला काटा दाखवावा आणि काटा तिथे आला की खरोखर उठावे. ‘पाच मिनिटे थांब’ हे दोनदा म्हटले की पुढच्या वेळी कोणी थांबत नाही.

कुत्रा, मांजर आणि उन्हाळा

घरातले जनावर मात्र काटा समजून घेत नाही, आणि माझ्या मते हीच लेखकाची सोय आहे. कुत्र्याला सकाळी आणि संध्याकाळी ठरावीक वेळी बाहेर न्यावेच लागते, त्यामुळे घरातला सर्वांत पक्का वेळ त्याचाच असतो. लेखन त्याच्या फेरीला जोडावे: फेरीच्या आधी लिहावे, अडलेला प्रसंग डोक्यात घेऊन चालावे, आणि परत आल्यावर सुचलेले चार शब्द टिपावेत. फोनमधील मराठी श्रुतलेखनाची सोय अशा वेळी उपयोगी पडते, मात्र ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरे नंतर तपासावीच लागतात.

हा क्रम ऋतूप्रमाणे बदलावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात पारा चाळीसच्या वर जातो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करतो, त्यामुळे उष्माघाताचा धोका त्याला अधिक असतो. डांबरी रस्त्यावर तळहाताची मागची बाजू पाच-सात सेकंद ठेवता येत नसेल तर त्यावर त्याला चालवू नये. या दिवसांत सकाळची फेरी सात वाजण्याच्या आत आटोपावी, म्हणजे लेखन फेरीनंतर, कूलर लावून, बसूनच होईल; संध्याकाळची फेरी सूर्यास्तानंतर. हिवाळ्यात हाच क्रम उलटा करता येतो. पाणी भरण्याच्या दिवशी प्राण्याचे भांडे आणि वेगळी बादली आधी भरावी, कारण पुढचे पाणी कधी येईल ते त्याला सांगता येत नाही. पावसाळ्यात गोचीड वाढतात. आठवड्यातून एकदा कान, मान आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात, आणि हे काम मुलांबरोबर बसून केले तर तो घरच्यांसोबतचा वेळही होतो.

रेबीजची लस दरवर्षी चुकवू नये. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याची वेळ बहुधा आपल्या कार्यालयाच्या वेळेशीच भिडते, म्हणून लसीसाठीची अर्ध्या दिवसाची रजा वर्षाच्या सुरुवातीलाच धरून ठेवावी. परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत; त्या परिसरातील लोकांना अवघड दुखण्यात त्यांचा आधार आहे. मांजराचे काम कमी असते, पण ते नेमके वहीवर येऊन बसते. त्याला शेजारी जुन्या चादरीची घडी टाकून द्यावी. त्याहून चांगला उपाय माझ्याकडे नाही.

खंड पडल्यावर

एवढे करूनही वर्षात एकदा-दोनदा सर्व बाजूंनी गर्दी होते. वडील रुग्णालयात, कार्यालयात लेखापरीक्षण आणि कुत्र्याला ताप, अशा आठवड्यात लेखन थांबवावे आणि तसे घरी सांगून टाकावे, म्हणजे ते मनात कुरतडत राहत नाही. थांबण्याआधी मजकुराची एक प्रत स्वतःलाच ई-मेलने पाठवावी. परत सुरू करताना लगेच नवे लिहू नये. शेवटची दोन पाने मोठ्याने वाचावीत आणि शेवटचा परिच्छेद हाताने पुन्हा उतरवून काढावा. उतरवताना एखादा शब्द बदलावासा वाटला की तेथूनच पुढे लिहायला लागावे.